ध्यानात ठेवायचा नाही असा पासवर्ड

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका मशिनशॉपचे संगणक बघायचं काम माझ्याकडे आहे. पगारी नोकरी नव्हे. हाक आली की जायचं, प्रिंटरपासून सर्व्हरपर्यंत जे अडलं असेल ते सोडवायचं आणि महिनाअखेरीला बिल द्यायचं. तिथं मागच्या पावसाळ्यात रीतसर बॅकअप बसवला. डिस्क आणणं, जुन्या संगणकावर लिनक्स टाकणं, केबल ओढणं ही कामं भराभर उरकली. खोळंबा झाला तो पासवर्डपाशी. तो टाइप करायला काही लागत नाही. पण तो कुणाचा, कशासाठी आणि कुठं लिहून ठेवायचा, यावर सगळ्या ऑफिसचं एकमत व्हायला वेळ लागला.

आधीची व्यवस्था अशी होती. शनिवारी संध्याकाळी हिशेब बघणाऱ्या अक्का टॅलीचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायच्या आणि पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवायच्या. ड्रॉइंगच्या संगणकाच्या नशिबी तेवढंही नव्हतं. पॅटर्नची ड्रॉइंग्ज, सीएनसीचे प्रोग्राम, गिऱ्हाइकांनी पाठवलेल्या दुरुस्त्या, सगळं एकाच डिस्कवर. मग शेजारच्या शेडमध्ये एका सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली दिसली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी चिठ्ठी. त्याच दुपारी मालकांनी मला बोलावून घेतलं.

मी बॅरिऑस हे बॅकअपचं सॉफ्टवेअर निवडलं. फुकट आहे, सोर्स खुला आहे, आणि बॅक्युला या जुन्या सॉफ्टवेअरमधून २०१० साली फुटलेली ही शाखा असल्यामुळे त्याची मांडणी मला आधीपासून ओळखीची. यात तीन गडी असतात. डिरेक्टर हा मुकादम: कुणाचा बॅकअप, किती वाजता, किती दिवस ठेवायचा हे सगळं त्याच्याकडे, तो ९१०१ या पोर्टवर, म्हणजे संगणकाच्या त्या क्रमांकाच्या दारावर असतो. ज्या संगणकाचा बॅकअप घ्यायचा त्याच्यावर फाइल डेमन (डेमन म्हणजे मागं गुपचूप चालणारा प्रोग्राम) बसतो, ९१०२ वर. यालाच क्लायंट म्हणायचं. आणि प्रत्यक्ष डिस्कवर लिहिणारा स्टोरेज डेमन ९१०३ वर.

रात्री ठरल्या वेळी मुकादम क्लायंटला हाक मारतो. आता क्लायंटच्या बाजूनं विचार करा. नेटवर्कवरून कुणीतरी येऊन म्हणतंय, मी डिरेक्टर आहे, मला तुझ्या सगळ्या फायली दे. हा खरा डिरेक्टर कशावरून? पासवर्ड आहे तो एवढ्यासाठी. तो दोन्हीकडे लिहिलेला असतो: डिरेक्टरच्या सेटिंगमध्ये त्या क्लायंटच्या नावाखाली, आणि क्लायंटच्या सेटिंगमध्ये त्या डिरेक्टरच्या नावाखाली. दोन्हीकडे अक्षर न् अक्षर सारखा. पण कुणी कुणाला तो सांगत नाही. एक जण काहीतरी यादृच्छिक मजकूर पुढं टाकतो, दुसरा त्यावर पासवर्डनं गणित करून उत्तर पाठवतो, उत्तर जुळलं की ओळख पटली. आवृत्ती १८.२ पासून तर हाच पासवर्ड टीएलएस-पीएसके या, आधीच ठरलेल्या किल्लीनं बोलणं झाकायच्या पद्धतीत गुप्त किल्ली म्हणून वापरला जातो, आणि डिरेक्टर-क्लायंटचं सगळं बोलणं मुळातच झाकलेलं असतं. स्टोरेजचा पासवर्ड क्लायंटकडे नसतोच. प्रत्येक कामापुरती किल्ली डिरेक्टर त्याला देतो.

हे सगळं मालकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग गल्लीतल्या मंडळाचं नाव टाक आणि पुढं १९५६ लिही. झालं की."

आमच्या भागात १९५६ हा आकडा लोकांना जन्मतारखेइतका पाठ असतो. राज्य पुनर्रचनेचं ते साल, सीमाप्रश्नाच्या प्रत्येक भाषणात येणारं. त्यामुळेच तो पासवर्डमध्ये घालू नये, हे मी मालकांना समजावत बसलो. पटलं नाही. एवढ्याशा वर्कशॉपच्या पासवर्डमागं कोण लागणार, हा त्यांचा मुद्दा.

मग मी दुसऱ्या बाजूनं गेलो. या पासवर्डनं नेमकं काय करता येतं ते सांगितलं. विंडोजवर हा क्लायंट सिस्टीमच्या अधिकारानं चालतो. म्हणजे ज्याच्याकडे हा पासवर्ड आणि डिरेक्टरचं नाव आहे, आणि ज्याचा संगणक ९१०२ पर्यंत पोचतो, तो त्या संगणकावरची कुठलीही फाइल वाचू शकतो. नुसती वाचू शकतो असंही नाही. बॅकअप परत आणणं म्हणजे फाइल लिहिणं, तेव्हा तो हवी ती फाइल तिथं लिहूही शकतो. शिवाय बॅकअपच्या आधी-नंतर हुकूम चालवायची सोय असते, तीही त्याच्या हातात. विंडोजचा लॉगिन पासवर्ड माहीत नसला तरी त्याचं काही अडत नाही.

"म्हणजे टॅलीपण?" अक्कांनी विचारलं.

"टॅलीपण, पगारपत्रकपण."

यावर मालक जरा सरळ बसले. पगारपत्रकाचं नाव काढलं की कुठल्याही ऑफिसात सुरक्षेचं महत्त्व लगेच पटतं, हा माझा अनुभव आहे.

पुढची सूचना मात्र चांगली वाटावी अशी होती: पासवर्ड मराठीतच ठेवायचा. इथल्या निम्म्या लोकांना टाइप करता येणार नाही, बाहेरच्याला तर सुधरणारच नाही. पण यात खोच आहे. संगणक अक्षराचं रूप बघत नाही, बाइट बघतो. 'दऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो, एकदा नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन आणि एकदा साध्या र ला हलन्त देऊन मागं एक न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण जुळवायला गेलं तर जुळत नाहीत. त्यात या ऑफिसात एका संगणकावर श्रीलिपी, दुसऱ्यावर युनिकोड आणि सरकारी कन्नड पत्रांसाठी नुडी. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये पडद्यावर दिसतं ते देवनागरी, पण खाली साठलेले असतात वेगळेच कोड. असल्या घरात दोन यंत्रांना मराठी पासवर्डवर एकमत करायला सांगणं म्हणजे भांडण लावून देणं.

इंग्रजी अक्षरंच ठेवायची ठरलं. विशेष चिन्हं मी मुद्दाम टाळली. बॅरिऑसच्या सेटिंगच्या फाइलीत हॅशचं चिन्ह आलं की पुढचा मजकूर टीप समजून सोडून दिला जातो, अर्धविराम आला की ओळ संपली असं धरलं जातं. अवतरणात घातलं तर ही दोन्ही चालतात, पण अवतरणाच्या आत उलटी तिरकी रेघ आली की ती स्वतः गळून जाते आणि पुढचं अक्षर तेवढं उरतं. बँकेच्या पासवर्डला चिन्हं सक्तीची करतात कारण तिथं माणूस आठ-दहा अक्षरांवर थांबतो. इथं लांबी भरपूर ठेवता येते तर चिन्हांच्या भानगडीत कशाला पडायचं? इंग्रजी लहान-मोठी अक्षरं आणि आकडे मिळून ६२ खुणा होतात. त्यातून यंत्रानं निवडलेल्या ३२ खुणा म्हणजे सुमारे १९० बिटांची ताकद. ती फोडायला कुणी बसणार नाही.

लिनक्सच्या खिडकीत ओपनएसएसएलचा हुकूम दिला, बाहेर अक्षरांची एक लांब ओळ पडली. मालकांनी चष्मा वर करून ती बघितली.

"हे कुणाच्या ध्यानात राहणार बाबा?"

"ध्यानात ठेवायचंच नाही काका. हे माणसासाठी नाहीच."

"आणि मी काय रोज टाइप करायचं काय हे?" अक्का.

"एकदाही नाही."

हे वाक्य बोललो आणि खोलीतला ताण उतरला. तोवर दोघांच्या डोक्यात एकच चित्र होतं: रोज सकाळी हा पासवर्ड विचारणार आणि चुकला की टॅली उघडणार नाही. पासवर्ड म्हटलं की समोर माणूस असणार, असं आपण धरून चालतो. हा दोन यंत्रांमधला आहे. त्यांनीच तो वापरायचा, त्यांच्याच फाइलीत तो राहणार.

प्रत्येक संगणकाला वेगळा पासवर्ड. इथं मी ऐकून घेतलं नाही. क्लायंटच्या फाइलीत तो उघडा लिहिलेला असतो, त्या संगणकाचा ॲडमिनिस्ट्रेटर तो वाचू शकतो. सगळीकडे एकच ठेवला तर शॉपफ्लोअरवरचा एक संगणक हातातून गेला की हिशेबाचाही गेला. बॅरिऑसमध्ये पासवर्ड एमडी५ रूपात, म्हणजे ज्यावरून मूळ अक्षरं दिसत नाहीत अशा गणिती ठशाच्या रूपात लिहायची सोय आहे, आणि ते बघून बऱ्याच जणांना हायसं वाटतं. पण ओळख पटवायचं गणित त्या एमडी५ रूपावरच चालतं. म्हणजे ते रूप ज्याच्या हाती लागलं त्याला मूळ पासवर्ड शोधायची गरजच उरत नाही. त्यामुळे ती झाकापाक डोळ्यापुरतीच.

प्रत्यक्ष काम सर्व्हरवरून सुरू केलं. बॅरिऑसच्या कन्सोलवर, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, कॉन्फिगर ॲड क्लायंट असा हुकूम असतो; त्याला नाव, आयपी पत्ता आणि पासवर्ड दिला की डिरेक्टरकडे क्लायंटची नोंद होते. शिवाय क्लायंटच्या बाजूला जी फाइल लागते तीही तो तयार करून एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. हातानं दोनदा टाइप करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. नावं साध्या इंग्रजी अक्षरांतच द्यावी लागतात. मी अकाउंट्स-एफडी आणि ड्रॉइंग-एफडी अशी दिली; एफडी म्हणजे फाइल डेमन. आयपी पत्ते आधी राउटरवर पक्के करून घेतले, नाहीतर लाईट जाऊन आली की पत्ते बदलतात आणि मुकादम भलत्याच दारावर टकटक करत बसतो.

अक्कांच्या संगणकावर इन्स्टॉलर चालवला. तो क्लायंटचं नाव, डिरेक्टरचं नाव आणि पासवर्ड विचारतो. आणखी एक मॉनिटरचा पासवर्डही विचारतो, त्याचा गोंधळ करू नये: तो फक्त टास्कबारवरच्या छोट्या चित्रासाठी, क्लायंट चालू आहे का एवढंच बघण्यापुरता. दोन्हीला एकच देणं सोपं वाटतं, पण मग बघण्याचा अधिकार आणि सगळं करण्याचा अधिकार यांत फरक राहत नाही. फायरवॉलमध्ये ९१०२ उघडलं, तेही फक्त सर्व्हरच्या पत्त्यासाठी. सर्व्हरवर येऊन स्टेटस क्लायंट म्हटलं. क्लायंटनं आवृत्ती, विंडोजचं नाव, कधीपासून चालू आहे, सगळं नीट सांगितलं.

ड्रॉइंगच्या संगणकानं मात्र दाद दिली नाही. तोच इन्स्टॉलर, तशीच फाइल, आणि सर्व्हरवर निरोप येतो टीएलएसची बोलणी फिसकटल्याचा. त्यात पासवर्ड हा शब्दही नाही. हा निरोप वाचून माणूस सर्टिफिकेटच्या मागं लागतो, ओपनएसएसएलच्या आवृत्त्या बघत बसतो. पण टीएलएस-पीएसकेमध्ये पासवर्ड हीच किल्ली असल्यामुळे पासवर्ड वेगळा असला तर तक्रार सांकेतिक बोलण्याची येते. डिरेक्टरचं नाव एका अक्षरानं चुकलं तरी तेच, कारण ओळख नावासकट पटवली जाते. म्हणून असा निरोप आला की आधी दोन फाइली शेजारीशेजारी उघडाव्यात.

क्लायंटची फाइल शोधणं हाच एक उद्योग असतो. ती प्रोग्राम फाइल्समध्ये नसते. सी ड्राइव्हवर प्रोग्रामडेटा नावाचं फोल्डर असतं, ते विंडोज लपवून ठेवतं; त्यात बॅरिऑस, त्यात बॅरिऑस-एफडी.डी, त्यात डिरेक्टर. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं, नाहीतर फाइल उघडत नाही किंवा जतन होत नाही. तिथं बघतो तर फाइलीवरची तारीख जुनी. माझ्याआधी कुणीतरी या संगणकावर हेच सॉफ्टवेअर घालून पाहिलं होतं आणि अर्ध्यात सोडलं होतं. त्याची फाइल जागेवर होती, तिच्यावर नवं काही लिहिलं गेलं नव्हतं, आणि क्लायंट इमानानं त्या जुन्या पासवर्डची वाट बघत होता.

"ते पोरगं आलं होतं की, कोरोनाच्या आधी," ड्रॉइंग करणारा म्हणाला. तो येळ्ळूरचा. सीएनसीचा प्रोग्राम पाठ म्हणून दाखवील, पण आपल्या संगणकात काय काय पडलंय ते त्याला ठाऊक नव्हतं. असूही नये, ते त्याचं काम नव्हे.

जुनी फाइल बाजूला काढली, सर्व्हरनं तयार केलेली तिथं ठेवली. एवढ्यावर भागत नाही. क्लायंट आपली सेटिंग चालू होतानाच वाचतो, तेव्हा विंडोजच्या सर्व्हिसेसमध्ये जाऊन त्याला बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. सर्व्हरच्या बाजूला फाइल हातानं बदलली असेल तर कन्सोलवर रीलोड म्हणायचं, तिथं सगळं बंद करायची गरज नाही. पुन्हा स्टेटस विचारलं आणि ड्रॉइंग-एफडी बोलायला लागला.

लगे हात त्याच फाइलीत दोन ओळी वाढवल्या. डिरेक्टरला कोणती कामं करू द्यायची ते क्लायंट आपल्या बाजूनं ठरवू शकतो. मी बॅकअप आणि रिस्टोअर यांच्यासारखी मोजकीच कामं ठेवली, आणि बाहेरचे हुकूम चालवायचे झाले तर ते एका ठरावीक फोल्डरमधूनच चालतील असं केलं. उद्या सर्व्हरच कुणाच्या हाती लागला तर क्लायंटनं डोळे मिटून सगळं करू नये म्हणून. इतकं साधं असूनही या ओळी बसवलेल्या मी फार कमी ठिकाणी बघतो.

पहिल्या रात्रीचा बॅकअप नीट झाला. टॅली उघडी राहिली होती, पण विंडोजच्या शॅडो कॉपीमुळे, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या प्रतीमुळे, उघड्या फायलीही घेता येतात. सकाळी मी रिस्टोअर करून बघितलं, आणि मुद्दाम अवघड नावाच्या फायली निवडल्या: एक कन्नड नावाची कामगार खात्याची नोटीस, एक 'मजुरी दिवाळी' नावाची मराठी फाइल आणि एक ड्रॉइंग. तिन्ही वेगळ्या फोल्डरमध्ये उतरल्या, नावासकट उघडल्या. अक्का बैलहोंगलच्या, त्यांनी आधी कन्नड नोटीस उघडली आणि पान संपेपर्यंत वाचली. "आयतु," म्हणाल्या. म्हणजे झालं.

मग आला खरा प्रश्न, जो मालकांनी फार नीट विचारला: "हा पासवर्ड हरवला तर बॅकअप गेला काय?"

नाही. क्लायंटचा पासवर्ड हरवला तर नवा तयार करायचा, दोन्हीकडे घालायचा, काम पुढं चालू. जुना बॅकअप जागच्या जागी असतो, कारण तो त्या पासवर्डनं कुलूपबंद केलेलाच नाही. पण याची दुसरी बाजू ऐकून ते अस्वस्थ झाले: म्हणजे डिस्क चोरीला गेली तर चोराला सगळं वाचता येणार? येणार. पासवर्ड दाराशी ओळख पटवतो. डिस्कवर पडलेल्या मालाशी त्याचा संबंध नाही. आणि आमचा बेत तर बॅकअपची एक डिस्क दर आठवड्याला मालकांच्या शहापूरच्या घरी न्यायचा होता. ड्रॉइंग्ज गिऱ्हाइकांच्या मालकीची. ती स्कूटरच्या डिकीतून उघडी फिरवणं बरोबर नव्हतं.

म्हणून ड्रॉइंगच्या संगणकावर डेटाचं एन्क्रिप्शन चालू केलं. त्याला वेगळी किल्ल्यांची जोडी लागते, आणि शिवाय एक मास्टर किल्ली देता येते, म्हणजे संगणकच जळाला तरी त्या मास्टर किल्लीनं फायली उलगडता येतात. फायलींमधला मजकूर झाकला जातो. नावं झाकली जात नाहीत, एवढं ध्यानात घ्यावं. कुणा गिऱ्हाइकाचं नाव गुप्त ठेवायचं असेल तर ते फाइलीच्या नावात घालू नये.

इथं मात्र सगळं उलटं. ही किल्ली हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा. मला, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना, कुणालाही तो उघडता येणार नाही. क्लायंटच्या पासवर्डची धास्ती घेऊन बसलेल्या माणसाला ही धास्ती कुठं घ्यायची ते दाखवणं, हे माझ्या मते या सगळ्या कामातलं मुख्य काम होतं. मास्टर किल्ली दोन पेनड्राइव्हवर घेतली. एक मालकांच्या बँक लॉकरमध्ये गेला, दुसरा त्यांच्या पुण्याच्या मुलीकडे. किल्ली कागदावरही छापली आणि लॉकरमध्येच ठेवली, कारण पेनड्राइव्ह नुसता पडून पडूनही मरतो.

क्लायंटचे पासवर्ड कागदावर लिहिले नाहीत. ते सर्व्हरवरच्या फाइलीत आहेत, आणि सर्व्हरच्या सेटिंगचा बॅकअप दोन्ही डिस्कवर जातो. लॉकरमधल्या कागदावर एवढंच लिहिलंय: क्लायंटचा पासवर्ड अडला तर नवा करा, या दोन फाइलींत घाला, क्लायंटची सर्व्हिस बंद-चालू करा, डिरेक्टरला रीलोड म्हणा. फाइलींचे पत्ते मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहिले. कन्नड अक्कांनी लिहून दिलं. मी बोलतो ते कन्नड कागदावर उतरवण्याच्या लायकीचं नाही.

दिवाळीनंतर सर्व्हरच्या खोलीची किल्ली असलेला एक पोरगा नोकरी सोडून गोव्याला गेला. चांगला पोरगा, मनात काही नाही, तरी दोन्ही पासवर्ड बदलले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत झालं. बॅकअप रात्री असल्यामुळे दिवसा बदलायला अडचण येत नाही. फक्त दोन्ही बाजू एकाच बैठकीत बदलायच्या आणि स्टेटस विचारल्याशिवाय उठायचं नाही. मालक जेवून आले तेव्हा मी लॅपटॉप मिटत होतो. "काय करूलालाय?" विचारलं. पासवर्ड बदलला म्हणालो. नवा काय ठेवला, हे त्यांनी या खेपेला विचारलं नाही. लॉकरमधला कागद बदलावा लागेल का एवढं विचारलं, मी नाही म्हटलं, आणि ते फर्नेसकडे गेले.